पंचमहासरोवरांवरची जुनी मालवाहू जहाजं मोडीत कशी निघतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांत लोहखनिज, चुनखडी, कोळसा, सिमेंट, धान्य वाहणारी मोठाली जहाजं चालतात. लांबीला अवाढव्य आणि रुंदीला बेताची, त्यामुळे ती दिसतात थोडी विचित्रच. त्यांच्या शेवटाबद्दल जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधीच सांगून ठेवतो, गंजून मरणारी जहाजं यात फार थोडी. बहुतेकांचा निकाल हिशेबाच्या वहीत लागतो.

ही जहाजं खरंच शंभर वर्षं चालतात?

काही चालली आहेत. 'सेंट मेरीज चॅलेंजर' १९०६ साली पाण्यात उतरलं आणि २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर सिमेंट वाहत होतं. 'ई. एम. फोर्ड' १८९८ चं. ते २०१० नंतर कुठे कटरखाली गेलं. १९४२ चं 'अल्पिना' अजून वाफेवर चालतं.

समुद्रातलं मालवाहू जहाज पंचवीस-तीस वर्षांत म्हातारं होतं, कारण खारं पाणी पत्रा खातं. सरोवरांचं पाणी गोडं, त्यामुळे पन्नाशीचं जहाज इथे ऐन उमेदीतलं समजतात. शिवाय हिवाळ्यात लॉक (जहाजांना वर-खाली चढवणारे-उतरवणारे कालव्यातले दरवाजाबंद कप्पे) बंद होतात, सरोवरं गोठतात आणि सगळा ताफा दोन-अडीच महिने बंदरात उभा राहतो. दरवर्षी ठरलेली सुट्टी आणि त्या सुट्टीत डागडुजी, अशी चैन समुद्रातल्या जहाजाच्या नशिबी नसते.

मग धडधाकट जहाज मोडीत का काढतात?

सगळ्यांत आधी येतो तपासणीचा खर्च. साधारण दर पाच वर्षांनी जहाज सुक्या गोदीत चढवून तळ तपासावा लागतो. तपासणीची मुदत जवळ आली की मालक आकडेमोड करतो: गोदीचं भाडं, बदलायच्या प्लेटा, विमा, आणि पुढच्या पाच वर्षांत मिळणारं काम. मेळ बसला नाही की जहाज शेवटच्या खेपेनंतर धक्क्याला लागतं, आणि पुष्कळदा तिथेच वर्षानुवर्षं पडून राहतं.

दुसरी गोष्ट माल उतरवण्याची. जुनी 'स्ट्रेट-डेकर' जहाजं माल स्वतः उतरवू शकत नाहीत, त्यांना धक्क्यावरची यंत्रं लागतात. 'सेल्फ-अनलोडर' जहाजाच्या पोटाखाली मात्र पट्टा फिरतो आणि डेकवरची लांब बूम (माल बाहेर टाकणारा लोखंडी हात) बाहेर वळवून ते कुठल्याही किनाऱ्यावर ढीग घालून मोकळं होतं. ज्या जहाजांत ही यंत्रणा बसवली गेली ती तरली. उरलेल्यांना धान्याचाच आधार होता, आणि कॅनडाचं धान्य पश्चिम किनाऱ्याकडे वळलं तसा तोही गेला.

मग १९८० च्या दशकातली पोलादाची मंदी. गिरण्या बंद पडल्या, खनिजाची मागणी कोसळली आणि जहाजं डझनांनी भंगारात गेली. त्यातली कित्येक पंचवीस-तीस वर्षांचीच होती, म्हणजे इथल्या मानाने तरणीताठी.

अलीकडची लाट कॅनडातली. तिथे बाहेर बांधलेलं जहाज आणायचं तर २५ टक्के आयातशुल्क भरावं लागे. २०१० मध्ये ते उठवलं. लगेच कंपन्यांनी चीनच्या गोद्यांत नवी, कमी इंधन खाणारी जहाजं बांधायला टाकली. ती येऊ लागली तशी साठ-सत्तरच्या दशकातली जहाजं एकेक करून निघाली. एका सरकारी सहीने जितकी जहाजं संपवली, तितकी वादळांनी त्या दशकात खचितच संपवली नाहीत.

अमेरिकन मालक मात्र जुनी जहाजं इतकी धरून का ठेवतात?

कारण १९२० चा जोन्स कायदा. अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं हवं. तिथे नवं जहाज बांधणं भयंकर महाग, म्हणून जुन्या सांगाड्यालाच किंमत येते. इंजिन बदला, बूम बसवा, आणि काहीच जमेना तर त्याचा बार्ज, म्हणजे बिनइंजिनाचा मालवाहू तराफा, करा. 'चॅलेंजर'चं हेच झालं. विस्कॉन्सिनमधल्या स्टर्जन बे इथे त्याचा मागचा भाग कापून तिथे टगबोट (ओढणारी-ढकलणारी छोटी ताकदवान बोट) अडकेल अशी खाच केली. आता टग ढकलते आणि ११० वर्षांपलीकडचा सांगाडा सिमेंट वाहतो. टग-बार्जवर खलाशी कमी लागतात, खरा फायदा तिथे आहे.

तोडणी कुठे होते?

मुख्य ठिकाण ऑन्टारिओ प्रांतातलं पोर्ट कोलबोर्न. वेलंड कालवा ईरी सरोवराला जिथे मिळतो तिथलं हे गाव. जुन्या कालव्याचं एक वळण आहे, त्याला रेमीज बेंड म्हणतात. जहाजप्रेमींमध्ये एखाद्या बोटीचं नाव घेऊन 'ती रेमीज बेंडला गेली' म्हटलं की पुढे काही विचारायची गरज पडत नाही. याशिवाय सू सेंट मरी, डलुथ, हॅमिल्टन, पोर्ट मेटलंड, थंडर बे, ॲशटाब्युला या ठिकाणीही वेगवेगळ्या काळात कटर चालले आहेत. आणि फार मोठा वाटा परदेशी गेला: आधी स्पेन, इटली, १९८० च्या दशकात तैवानचं काओशुंग, नंतर तुर्कस्तानातलं आलिआ.

गुजरातेतल्या अलंगमध्ये किंवा मुंबईतल्या आपल्या दारुखान्यात जहाजतोडणी चालते तसंच काम तिथेही चालतं का?

कटर तोच, पण जागेने पद्धत बदलते. अलंगला खंभातच्या आखाताची भरती मिळते, पाणी दहा-दहा मीटर चढतं-उतरतं. मोठ्या भरतीला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घुसवायचं, ओहोटीला ते कोरड्यावर उभं, आणि मग माणसं चालत जाऊन कापणार. पंचमहासरोवरांना भरती-ओहोटी म्हणावी अशी नाहीच. त्यामुळे तिथे जहाज धक्क्याला बांधून, तरंगत असतानाच कापावं लागतं. किती वजन कुठून काढलं तर सांगाडा कुठे कलेल, हे रोज बघत राहावं लागतं. माणसं कमी, क्रेन आणि मोठ्या यांत्रिक कात्र्या जास्त, आणि थंडीत कामाचा वेग मंदावणार. एका जहाजाला काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत कितीही वेळ लागू शकतो. भंगाराचा भाव पडला तर अर्धं कापलेलं जहाज तसंच उभंही राहतं.

प्रत्यक्ष कापतात कसं?

कापण्याआधी रिकामं करणं हे मोठं काम. टाक्यांतलं उरलेलं इंधन, इंजिनातलं तेल, तळाशी साठलेलं तेलकट पाणी आधी उपसतात. मग ॲस्बेस्टॉस. वाफेच्या जहाजात बॉयलर, नळ, खोल्यांच्या भिंती सगळीकडे ते गुंडाळलेलं असतं. ते ओलं करून, पूर्ण अंग झाकणारे कपडे आणि मुखवटे घालून, पिशव्यांत बंद करून काढतात. जुन्या केबलींच्या वेष्टणात, ट्रान्सफॉर्मरमध्ये, काही रंगांतही पीसीबी नावाची विषारी रसायनं असतात. रंगात शिसं, जुन्या स्विचांत पारा. भट्टीकडे जाणाऱ्या लोखंडात यातलं काहीच जाता कामा नये.

मग विकाऊ सामान उतरतं: घंटा, सुकाणूचं चाक, होकायंत्र, भोंगा, बांधणीची पितळी पाटी. याला हौशी गिऱ्हाईक असतंच.

मग वरून खाली. आधी चिमणी, खोल्या, चालककक्ष. या जहाजांची जुनी ठेवण म्हणजे चालककक्ष अगदी पुढच्या टोकाला आणि इंजिन मागच्या टोकाला, मध्ये सगळं मालाचं पोट. वरचं उतरलं की एका टोकाकडून काकडी चिरत यावं तसा सांगाडा कमी होत जातो. या टप्प्यावर जहाजाचा आडवा छेद उघडा पडतो आणि सबंध आयुष्यात कुणाला न दिसलेली रचना समोर येते: मालाच्या कोठारांच्या उतरत्या भिंती, त्यांच्या खाली पट्ट्याचा बोगदा, दोन्ही अंगांना पाणी भरायच्या टाक्या आणि त्यांच्या तळाशी कित्येक वर्षांचा घट्ट झालेला गाळ. तळाचा शेवटचा पाट उरला की तो काठावर ओढून घेऊन संपवतात.

या कामात एक गोष्ट मला नेहमी बघावीशी वाटते. जहाजाचं नाव नुसतं रंगवलेलं नसतं, अक्षरांच्या कडांवरून वेल्डिंगची बारीक रेघ फिरवलेली असते. जहाज विकलं गेलं की जुन्या नावावर रंग मारून नवं नाव घालतात, पण रेघ तशीच राहते. कडेच्या उन्हात नीट पाहिलं तर एकाच पत्र्यावर दोन-तीन नावं एकमेकांत गुंतलेली वाचता येतात. त्याच प्लेटवरून कटर आडवा जातो.

पैसा कशातून येतो?

मुख्यतः पोलादातून. जहाजाची किंमत रिकाम्या वजनाच्या दर टनावर ठरते. तांब्याच्या केबली, ब्राँझचा पंखा, पितळी झडपा यांना टनामागे कितीतरी जास्त भाव मिळतो, पण त्यांचं वजन ते किती. ऑन्टारिओत कापलेले तुकडे भट्टीच्या मापाचे करून पोलाद गिरण्यांना जातात. आलिआला विजेच्या भट्ट्या बंदराच्या शेजारीच आहेत. अलंगची गंमत वेगळी: चांगल्या प्लेटा न वितळवता नुसत्या तापवून, लाटून त्यांच्या सळया करणाऱ्या गिरण्या तिथे आहेत.

यातलं एखादं जहाज भारतात आलंय का?

हो. 'सीवे क्वीन' हे १९५९ चं धान्यवाहू जहाज. समुद्र ते सरोवरं असा सेंट लॉरेन्स सीवे ज्या वर्षी सुरू झाला, त्याच वर्षीचं. ते २००४ मध्ये अलंगला येऊन मोडलं.

अशा शेवटच्या प्रवासाआधी नाव बदलायची एक रीत आहे आणि ती कंजूषपणाची आहे. नवं नाव रंगवायचा खर्च कशाला? जुन्यातलीच अक्षरं खोडायची. 'क्लिफ्स व्हिक्टरी' नावाचं एक वेगवान जहाज होतं. १९८५ मध्ये ते निघालं तेव्हा नावातली बहुतेक अक्षरं रंगाने झाकली, मध्ये एक अक्षर घुसवलं आणि ते 'सॅव्हिक' (SAVIC) झालं. 'कॅनेडियन प्रोव्हायडर'च्या नावातली तीन अक्षरं ठेवून २०१३ मध्ये 'ओव्ही' (OVI) नावाने ते तुर्कस्तानला गेलं. कागदोपत्री जुनी कंपनी सुटली, ब्रशवाल्याचंही काम थोडक्यात आटोपलं.

इतक्या लांब ओढून नेताना धोका नसतो?

असतो, आणि त्याचं ठळक उदाहरण 'मायनर' आहे. मूळ नाव 'कॅनेडियन मायनर', १९६६ चं, सव्वादोनशे मीटरच्या आसपास लांब. सप्टेंबर २०११ मध्ये मॉन्ट्रियलहून तुर्कस्तानकडे निघालं. स्वतःचं इंजिन बंद, जहाजावर माणूस नाही, पुढे टग आणि मध्ये दोर. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खराब हवेत दोर तुटला आणि जहाज स्कॅटरी बेटावर चढलं. हे बेट संरक्षित क्षेत्र आहे आणि भोवतीच्या पाण्यात लॉबस्टर पकडून जगणारी गावं आहेत.

पुढचा तमाशा आपल्याला ओळखीचा वाटेल. मालक हात वर करून मोकळा, ओटावातलं केंद्र सरकार म्हणतं ही आमची जबाबदारी नाही, प्रांत म्हणतो तुमचीच. जहाज खडकांवर पडून एकेका वादळात फुटत गेलं. शेवटी प्रांतानेच ठेकेदार नेमला आणि काम २०१५ मध्ये उरकलं. कापायला घेतल्यावर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त ॲस्बेस्टॉस निघालं. ज्या जहाजातून मालकाने भंगाराचे पैसे काढले, ते साफ करायला सरकारी तिजोरीतून कोट्यवधी डॉलर गेले. कॅनडाने २०१९ मध्ये सोडलेल्या आणि धोकादायक जहाजांबद्दल नवा कायदा आणला, त्यात मालकाला जबाबदार धरलं आहे. त्यामागे अशाच प्रकरणांचा रेटा होता.

लांब, अरुंद सांगाडा सरोवरातल्या आखूड लाटांसाठी बांधलेला असतो. अटलांटिकचा लांब हेलकावा त्याला मध्यावर वाकवतो. तेव्हा दोर तुटला यात नवल नाही, माझ्या मते नवल इतकी जहाजं नीट पोचली याचं आहे.

कायदा परदेशी पाठवायला आडकाठी करत नाही?

करतो, पण देशागणिक वेगळा. कॅनडा बासल करारात आहे, त्यामुळे घातक कचरा म्हणून जहाज बाहेर पाठवायचं तर परवानग्या लागतात. मात्र जहाज 'चालू' म्हणून निघालं की वाद सुरू होतो. अमेरिका त्या करारात नाही, पण ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त पीसीबी असलेलं सामान निर्यात करायला तिथे मनाई आहे आणि जुन्या जहाजांची निर्यात त्यातच अडकते. जहाजतोडणीचा हाँगकाँग करार २००९ चा, तो लागू झाला २६ जून २०२५ ला. भारताने २०१९ मध्येच त्यासाठी कायदा केला होता.

इतकी जुनी जहाजं संग्रहालय म्हणून का जपत नाहीत?

जपली आहेत, काही. डलुथमध्ये 'विल्यम ए. आयर्विन', क्लीव्हलंडमध्ये 'विल्यम जी. मॅदर', टोलेडोत 'कर्नल जेम्स एम. स्कूनमेकर', सू सेंट मरीत 'व्हॅली कॅम्प'. सुपीरिअर गावातलं १८९६ चं 'मीटिओर' तर देवमाशाच्या पाठीसारख्या गोल डेकच्या जातीतलं शेवटचं.

पण दोनशे मीटर लोखंड रंगवत ठेवायचा खर्च तिकिटांतून निघत नाही. आपण हे 'विक्रांत'च्या बाबतीत पाहिलंच आहे. मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, देखभाल परवडेना, मोठमोठ्या घोषणा झाल्या, आणि अखेर सुमारे ६० कोटींना विकून २०१४ मध्ये दारुखान्यात तिच्यावर कटर चालला. 'जे. बी. फोर्ड'ची गत तीच. १९०४ चं जहाज, १९०५ आणि १९१३ ची दोन्ही भयानक वादळं झेललेलं, नंतर सिमेंटचं तरंगतं कोठार. वाचवायला माणसं पुढे आली, पैसे आले नाहीत, आणि २०१५ च्या सुमारास डलुथच्या भंगार धक्क्यावर त्याची तोडणी सुरू झाली.

पूर्ण जहाज नाही, तर एखादा भाग वाचवता येतो का?

हा मला सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. ईरी सरोवरातल्या साउथ बास बेटावर, कड्याच्या टोकाला, १९२४ च्या 'बेन्सन फोर्ड'चा पुढचा सगळा वरचा भाग बसवलाय आणि त्याचं घर केलंय. १९२३ च्या 'लुईस जी. हॅरिमन'चं नाक मिशिगनमधल्या डीटूरला जमिनीवर आहे. 'चॅलेंजर'चा चालककक्ष टोलेडोच्या संग्रहालयात.

आणि 'विल्यम क्ले फोर्ड'. १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री 'एडमंड फिट्झगेराल्ड' २९ माणसांसह सुपीरिअर सरोवरात बुडालं. त्या वादळात शोधासाठी सुरक्षित आडोसा सोडून बाहेर पडलेल्या दोन मालवाहू जहाजांपैकी हे एक. दुसरं 'आर्थर एम. अँडरसन'. पुढे दहा-बारा वर्षांतच 'फोर्ड' पोर्ट मेटलंडला कापलं गेलं. त्याचा चालककक्ष मात्र डेट्रॉइटमधल्या बेल आइलच्या संग्रहालयाला जोडलाय. आत उभं राहून नदीतून जाणारी जहाजं दिसतात.

तोडण्याऐवजी बुडवूनही टाकतात म्हणे?

टोरंटोजवळच्या मिसिसॉगातल्या मराठी मंडळींनी असं एक जहाज पाहिलेलंच असेल, माहीत नसेल इतकंच. पोर्ट क्रेडिटच्या बंदराच्या तोंडाशी गंजलेलं जहाज उभं दिसतं ना, ते १९०५ चं 'रिजटाउन'. 'विल्यम ई. कोरी' या नावाने ते एके काळी पोलाद कंपनीच्या ताफ्याचं मानाचं जहाज होतं. १९७४ मध्ये लाटा अडवायला दगड भरून तळाला टेकवलं, ते अजून तिथेच आहे.

तोडणी बघायला जाता येतं का?

यार्ड खाजगी आहे, आत सोडत नाहीत. नायगारा धबधब्यापासून पोर्ट कोलबोर्न मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर. सार्वजनिक रस्त्यावरून जेवढं दिसेल तेवढं. चालती जहाजं जवळून बघायची तर तिथलंच लॉक ८ किंवा सेंट कॅथरिन्सचं लॉक ३. जानेवारी ते मार्चच्या उत्तरार्धापर्यंत कालवा बंद असतो, तेव्हा जाऊ नका.

हजारफुटी जहाजांचं पुढे काय होणार?

सरोवरांवर १,००० फुटांच्या पट्टीतली १३ जहाजं आहेत. पहिलं 'स्टुअर्ट जे. कॉर्ट' १९७२ चं, सगळ्यांत लांब 'पॉल आर. ट्रेगर्था' १९८१ चं, १,०१३ फूट. वेलंड कालव्याची लॉक ७४० फूट लांब आणि ७८ फूट रुंद जहाजापर्यंतच घेतात. म्हणजे ही जहाजं ज्या चार सरोवरांत जन्मली त्यांतून बाहेर पडू शकत नाहीत. तुर्कस्तान, अलंग हे पर्याय त्यांना बंद.

असं एक उदाहरण घडून गेलंय. 'आर्थर बी. होमर' हे 'फिट्झगेराल्ड'चं जुळं भावंड. १९७५-७६ मध्ये मध्ये तुकडा घालून त्याची लांबी ८२६ फूट केली. वाढवलं तेव्हा शहाणपणाचं वाटलं असणार, पण त्याच क्षणी कालव्याची वाट बंद झाली. स्वतः माल उतरवायची यंत्रणा बसवली नव्हती, मंदी आली, १९८० मध्ये धक्क्याला लागलं. मग १९८६-८७ च्या सुमारास कालव्याच्या अलीकडच्या तोंडाशी, पोर्ट कोलबोर्नला कापलं. वाढवल्यापासून जेमतेम चार-पाच वर्षं ते चाललं. तेव्हा हजारफुटींची पाळी कधी आली, तर कापणारे यार्ड ईरीच्या या बाजूलाच लागतील. आज त्यांना खनिजाचं काम आहे, बदलीला त्याच मापाचं नवं जहाज कुणी बांधत नाही, त्यामुळे ती पाळी इतक्यात येईलसं दिसत नाही.